गाडी सोडायची कुठे?

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. लहानपणी दिवस मावळताना बैलांच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आजी ओट्यावरूनच विचारायची, "गाडी सोडली काय?" सोडली म्हणजे बैल जुवातून मोकळे झाले, जू टेकूवर आलं, गाडी मुक्कामाला लागली. पुढे कॉलेजला जायला लागलो आणि फाट्यावर धावतपळत पोचलो की टपरीवाला सांगायचा, "सुटली ना भाऊ गाडी." म्हणजे गेली. क्रियापद तेच, गाडी हा शब्दही तोच. बैलाची गाडी सुटते तेव्हा थांबते आणि मोटारगाडी सुटते तेव्हा निघून जाते.

आता गल्लीत गाडी कोणी सोडत नाही. लावतात. भिंतीला शिडी लावावी, तशी गाडी लावून माणूस घरात जातो आणि कवाड ओढून घेतो. सोडण्यात मागची सगळी कामं धरलेली असत. बैल कुठे बांधायचे, वैरण कुठून टाकायची, पाणी कुठे पाजायचं, रात्री पाऊस आला तर साटा कशानं झाकायचा. जागेचा विचार केल्याशिवाय गाडी सुटतच नसे. लावायला जागेचा विचार लागत नाही, चावी लागते.

हे मनात आलं ते रिसोडकडच्या एका गावात, मागच्या सोयाबीनच्या हंगामात. पाहुणा म्हणून गेलो होतो. रात्री नऊच्या सुमारास एक ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट गल्लीत शिरला आणि समोरच्या घराच्या फाटकाला अगदी चिकटून उभा राहिला. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, दोराला गाठ. चालक उतरला. फाटकातून घरमालक बाहेर आला.

"काहून लावली इथं?"

"मंग कुठी लावू? डोक्यावर घेऊ काय?"

"आमचं दार हाय हे."

"दार तुमचं हाय, रस्ता सरकारचा हाय."

दोघंही खरं बोलत होते. भांडण मिटत नाही ते याचमुळे. एक खोटा असता तर गावानं त्याला गप्प केलं असतं. ही दोन घरं पोळ्याला एकमेकांच्या बैलांना पुरणपोळी चारणारी. त्या रात्रीनंतर पंधरा दिवस बोलणं बंद होतं, हे मला नंतर कळलं. फाटकाच्या आत एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. रात्री तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर खाट कुठून काढायची, एवढाच त्या घरमालकाचा प्रश्न होता. ट्रॉलीवाल्याचा प्रश्नही साधाच होता. बाहेर मैदानात उभी केली तर रात्रीतून चार पोती जातील आणि सकाळी सहाला बाजार समितीच्या रांगेत नंबर लावायचा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून याच भांडणाचा दुसरा अवतार ऐकायला मिळतो. तिथे घरासमोर, स्वतःच्याच मालकीच्या फरसबंद जागेत, कोणी मोटरहोम म्हणजे चाकांवरचं फिरतं घर उभं केलं की शेजारी तक्रार करतात आणि घरमालकांची संघटना नोटीस धाडते. अनेक वसाहतींच्या नियमांत असं वाहन दर्शनी भागात उभं करायला मनाईच असते. आपल्याकडे भांडण वाटेवरून होतं, तिकडे दिसण्यावरून. पण मुळाशी गोष्ट एकच आहे. चाकांवरची वस्तू स्थिर घरांच्या मध्ये येऊन थांबली की शेजाऱ्याला त्रास होतो, आणि तिला थांबायला जागा देणं हे कोणाचंच काम नसतं.

कोणाचंच नसतं, असं मी आजच्यापुरतं म्हणतो. मागे गेलं तर चित्र वेगळं दिसतं.

किती मागे? कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर आणि शेजार यांचे नियम आहेत. घराच्या आवारात गाड्या नि जनावरं उभी करायची जागा, चूल, रांजण ठेवायची जागा, दळण-कांडणाची जागा ही शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून करायची नाही, मध्ये अंतर सोडायचं. नाही सोडलं तर 24 पण दंड. त्याच अधिकरणात पुढे वाट अडवण्याचे दंड येतात, आणि ते वाटेच्या मापानं वाढत जातात. माणसांची नि शेळ्या-मेंढ्यांची वाट अडवली तर 12 पण, मोठ्या जनावरांची अडवली तर 24, हत्तीची किंवा शेताची वाट अडवली तर 54. जिला समाजशास्त्रज्ञ शहरी समस्या म्हणतात, तिच्यावर दोन हजार वर्षांपूर्वी दरपत्रक तयार होतं. म्हणजे तेव्हाही कोणीतरी कोणाच्या तरी भिंतीला गाडी टेकवत असणारच. नियम कधी हवेतून येत नाहीत.

पण आपल्या जिल्ह्यापुरता या गोष्टीचा खरा पूर्वज शोधायचा तर पोथीत नाही, तांड्यात शोधावा लागतो.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. देशभरातून बंजारा समाज तिथे येतो. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तिथे बंजारा विरासत नंगारा या संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. रेल्वे येण्यापूर्वी या देशाचं धान्य आणि मीठ या लोकांच्या बैलांच्या पाठीवरून फिरत होतं. त्या फिरतीला ते लदेणी म्हणत. गाडी नव्हे, पाठीवर गोणी लादलेले बैल. घर, व्यापार, मुलंबाळं, गोधन, देव, सगळं एका रांगेत चालायचं. आजचं फिरतं घर फार तर एका कुटुंबाचं असतं. तांडा म्हणजे चालतं गाव.

सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये इथून प्रवास करत होता. त्यानं लिहून ठेवलं आहे की दहा-बारा हजार बैलांचा काफिला समोरून आला तर प्रवाशाला अरुंद वाटेवर दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावं लागे. दोन काफिले समोरासमोर आले की वाट कोणी द्यायची यावरून मारामाऱ्या होत. दख्खनच्या वाटांवरचं हे ट्रॅफिकचं भांडण! आणि तरीही तांड्यावाचून कोणाचं चालत नव्हतं. मोगलांच्या नि मराठ्यांच्या फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या. 1803 साली इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली असईहून निघून आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढला आणि पुढे गाविलगडावर गेला, तेव्हा त्याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या पुरवठ्याची काळजी वारंवार येते.

एवढा पसारा रात्री कुठे थांबायचा? गावात नक्कीच नाही. गावाबाहेर, पाण्याच्या जवळ, पिकांपासून लांब. उतरलेल्या गोण्या एकावर एक रचून त्यांचीच भिंत करायची, आत माणसं, बाहेर पहारा. याला तळ म्हणत. तळ पडला, तळ उठला. तांड्याचा नाईक पाटलाशी बोलायचा. पाणी कुठलं वापरायचं, चराई कुठवर, किती दिवस. बैल पिकात घुसले तर भांडण ठरलेलं, पण थांबायला जागाच नाही असं होत नसे. गावाच्या नकाशात परक्याच्या मुक्कामाची जागा गृहीत धरलेली होती. घिसाडी आपली गाडी घेऊन यायचे, गाडी हेच त्यांचं घर, पिंपळाखाली भाता लावायचे आणि गावाचे विळे-खुरपी पाजून पुढे जायचे. मेंढपाळ यायचे, तर त्यांना शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी उलट धान्य द्यायचे, कारण लेंडीखत मिळायचं. नंदीवाले, नाथजोगी, सगळ्यांचे मुक्काम ठरलेले. मी हे सोनेरी रंगात रंगवत नाही. त्या मुक्कामाच्या जागा गावाबाहेर होत्या त्या माणसांनाही गावाबाहेर ठेवण्यासाठीच, हे विसरता येत नाही.

मग दोन घाव लागोपाठ बसले. 1867 साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि लदेणीचा धंदा बसला. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे फिरणाऱ्या किती तरी जमाती हजेरीच्या फेऱ्यात सापडल्या. काल ज्याच्या धान्यावर फौज जगली, त्याचं थांबणंच आज संशयाचं झालं. कोण आलं, कुठे उतरलं, किती दिवस राहणार, याची नोंद पोलिसांकडे. हा कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या त्या 31 ऑगस्ट 1952 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. चाकांवर नाहीतर बैलाच्या पाठीवर घर असलेल्या माणसाकडे दाराआडून बघायची जी नजर आहे, तिला या 80 वर्षांनी धार आणली, असं माझं स्पष्ट मत आहे. आजही पालं ठोकून राहणाऱ्या कुटुंबाला कोणतंही गाव पहिला प्रश्न विचारतं तो "कधी जाणार?" हाच असतो. माणुसकीचा पहिला प्रश्न "पाणी मिळालं का?" हा असायला हवा होता.

मानोऱ्याचे, मंगरुळपीरचे तांडे आता स्थिर झाले. घरं पक्की झाली. पण शब्द टिकून राहिला. नगरपालिकेनं निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, वाहनतळ. पुण्यात हडपसरला गाडीतळ आहे. विमान उतरतं ते विमानतळावर. गंमत म्हणजे इंग्रजांचा पार्क हा शब्दही याच वाटेनं आला. आधी कुंपण घातलेलं रान, मग लष्कराच्या तोफा नि गाड्या एकत्र उभ्या करायची जागा, आणि शेवटी मोटारी. दोन्ही भाषांनी मुक्कामाच्या शब्दातूनच हा शब्द घडवला. आपण मात्र पाटी लावली आणि तळ द्यायचा विसरलो.

या वंशावळीतली दुसरी पायरी आपल्याच जिल्ह्यात, कारंजात आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याला जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटताना दिसत नाही.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा, पण 1853 पासून कारभार इंग्रजांचा. वाशीम, त्या वेळच्या दप्तरात बासीम, हा वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. 1905 साली तो मोडून अकोल्यात गेला आणि 1 जुलै 1998 रोजी परत जिल्हा झाला. कारंजा ही जुनी पेठ. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, अशा चार वेशींची. वेशीचा दरवाजा एका वेळी एक गाडी जाईल असा. त्यातून हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग.

आता ही गाडी डोळ्यांसमोर आणा. साट्याच्या दोन्ही बाजूंना उंच बांधलेल्या ताट्या, त्यात पायानं दाबून भरलेला कापूस, वर ढिगारा, गाडीच्या दुप्पट रुंदीचा. शेतकरी पहाटे तीनला निघालेला. तो पेठेत येऊन अडत्याच्या दुकानासमोर गाडी सोडतो. बैल सुटले, वैरण टाकली, गल्ली भरली. मागची गाडी पुढे जाऊ शकत नाही, पुढची मागे येऊ शकत नाही. घरवाल्यांच्या दारात शेण, ओट्याला बांधलेले बैल. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे एकदा गाडी त्या दारात सुटली की शेतकरी त्या दाराचाच झाला. भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. त्याला हत्ता म्हणत. पटला नाही तर काय, बैल पुन्हा जुंपून, एवढ्या गर्दीतून गाडी वळवून दुसऱ्या दारी जायचं? गाडी कुठे उभी आहे यावर तिच्यातल्या मालाची किंमत ठरत होती.

1886 साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमानं कारंजात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतमाल पणनाच्या पाठ्यपुस्तकांत कारंजाचंच नाव येतं. त्यानंतर 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, आणि आजच्या सगळ्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळं तिथे आहेत. इंग्रजांचा हेतू धर्मादाय नव्हता. मँचेस्टरला स्वच्छ, भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात हवा होता. पण त्यासाठी त्यांनी जे केलं ते पाहण्यासारखं आहे. व्यवहार दारासमोरून उचलला आणि एका ठरलेल्या आवारात आणला. गाडीला उभं राहायला सार्वजनिक जागा मिळाली, तेव्हा शेतकऱ्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून बघता आलं.

मला वाटतं, नियंत्रित बाजाराचा इतिहास सांगताना वजनकाटा, परवाना, लिलाव हे सगळं सांगितलं जातं आणि ही साधी गोष्ट निसटते. आवार ही त्या सुधारणेची पहिली वीट होती. बाजार समितीला आपण आजही "यार्ड" म्हणतो ते उगीच नाही. यार्ड म्हणजे अंगण. सगळ्यांच्या गाड्यांचं एक अंगण.

गावातली रोजची सोय मात्र कायद्यानं केलेली नव्हती, वहिवाटीनं झालेली होती. थोरल्या वाड्यांचे दरवाजे गाडी आत जाईल असे. बाकीच्यांच्या गाड्या गोठाणाजवळ, मारुतीच्या पारामागे, नाहीतर खळवाडीत. पेरणी ते काढणी गाडी शेतातच जास्त. घरासमोर रात्रभर उभी राहिली तरी तिच्याखालून पोर रांगत जाई, जू उचलून दोन माणसं तिला हातानं बाजूला करत. "जरा सरकोजा भाऊ" म्हटलं की काम होई. मालकाला शोधावं लागत नसे, चावी मागावी लागत नसे. बैलगाडी ही शेजाऱ्याला हलवता येण्यासारखी वस्तू होती. भांडणाचा निम्मा विखार तिथेच उतरत होता.

ट्रॉली दोन माणसांना हलत नाही. फरक इथे पडला.

ट्रॅक्टर आला, पाठोपाठ ट्रॉली, पेरणी यंत्र, रोटाव्हेटर, मळणी यंत्र. सोयाबीन या जिल्ह्याचं मुख्य पीक झालं आणि हंगाम पंधरा-वीस दिवसांत आवळला गेला. सगळ्यांची कापणी एकदम, मळणी एकदम, वाहतूक एकदम. पंजाबकडून हार्वेस्टर येऊ लागले. त्यांच्यासोबतची माणसं हंगामभर यंत्राशेजारीच राहतात, तिथेच अंथरूण, तिथेच गॅसची शेगडी, तिथेच तव्यावर रोटी. एका शाळेच्या भिंतीलगत असा मुक्काम मी जवळून पाहिला. पगडी सोडून केस वाळवत बसलेला एक वयस्क माणूस आणि कुतूहलानं त्याच्याभोवती जमलेली पोरं. लदेणीची आठवण झाली. घर घेऊन फिरणारा कामकरी पुन्हा गावात आलेला आहे, आणि त्याला तळ कुठे द्यायचा हे ग्रामपंचायतीनं ठरवलेलं नाही. मग तो कोणाच्या तरी दारासमोर, कोणाच्या तरी मेहरबानीवर थांबतो. पर्यटकासाठी मात्र विचार झाला. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात फिरत्या घरांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या पार्कची कल्पना आहे. चांगली कल्पना आहे. तीच सोय हार्वेस्टरवाल्याला, घिसाड्याला, मेंढपाळाला का नको?

दुसरीकडे गल्ली आटत गेली. ओटा पुढे आला, ओट्यापुढे पायरी, पायरीपुढे मोटारसायकल चढवायला सिमेंटचा उतार, उतारापुढे नळाचा खड्डा. प्रत्येकानं हात-दीड हात घेतला. समोरच्यानं घेतला म्हणून आपण घेतला. गावाबाहेरची मोकळी जागा अतिक्रमणात नाहीतर प्लॉटमध्ये गेली. खळवाडीची गरज उरली नाही म्हणून खळवाडी गेली, गोठाण गेलं. जागा अशी हळूहळू गेली आणि वाहनं मात्र झपाट्यानं आली. दुधाच्या पैशातून एक बोलेरो, कर्जातून एक मालवाहू, पोराच्या नोकरीतून एक कार. ज्या घरात पूर्वी एक गाडी होती तिथे आता चार आहेत.

कायदा काय म्हणतो? 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 283 सार्वजनिक वाटेवर अडथळा करणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड सांगत होतं. 1860 साली 200 रुपये ही शेतकऱ्याला घाम फोडणारी रक्कम होती. दीडशे वर्षांहून अधिक काळ आकडा तोच राहिला आणि शेवटी त्यात एका वेळचं पेट्रोलही येईना. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 285 मध्ये हाच दंड 5000 रुपयांपर्यंत गेला. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 53 पंचायतीला रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार देतं. शेताच्या वाटेसाठी 1906 चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे, तहसीलदाराकडे जाता येतं. कागद भरपूर आहेत. पण शेजाऱ्याविरुद्ध पोलीस पाटलाकडे जाणारा माणूस दंड मिळवतो आणि शेजारी गमावतो. म्हणून लोक जात नाहीत. धुसफुसत राहतात, टायरची हवा सोडतात, दारासमोर दगड मांडून ठेवतात, कुंड्या ठेवतात, रस्त्यावर खिळे ठोकून साखळी लावतात. शहरात दुचाकीचं सीट फाडलं जातं. कधी डोकंही फुटतं.

जपाननं 1962 साली नियम केला की मोटार ठेवायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय मोटार घेता येणार नाही. मे 2025 मध्ये आपल्या परिवहनमंत्र्यांनीही जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, असं जाहीर केलं. मुंबईसाठी विचार योग्य असेल. पण रिसोडच्या ट्रॉलीवाल्याला हा दाखला मागून काय होणार? ट्रॉली त्याची चैन नाही, तिच्यावर घर चालतं. दारात जागा नसलेल्या माणसानं ट्रॅक्टर घ्यायचाच नाही असं म्हणणं म्हणजे वाडा असलेल्यानंच शेती करावी असं म्हणणं.

तर जागा कुठून आणायची? याचं उत्तर आपल्याच कायद्यात पडून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 22. गावातली पडीक सरकारी जमीन जिल्हाधिकारी कोणकोणत्या कामांसाठी राखून ठेवू शकतात, याची यादी त्यात दिली आहे. गुरांची मोफत चराई, दहनभूमी, गावठाण, खळे, बाजार, रस्ते. आणि त्याच यादीत आहे मुक्कामाच्या तळासाठीची जागा. म्हणजे बंजाऱ्याच्या नाईकानं पाटलाकडे जी मागितली तीच. संहिता लिहिणाऱ्यांना गावाची ही जुनी गरज ठाऊक होती. विदर्भात तर निस्तार हा शब्दच आहे, गावकऱ्यांनी सामाईक जागा कशा वापरायच्या याचा लिखित हक्क. आणि या सामाईक जमिनी गिळंकृत करू देऊ नका, अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

रिसोडकडच्या त्या गावात भांडण कसं मिटलं, ते सांगतो. कायद्यानं नाही. गावाच्या कडेला, जुन्या खळवाडीचा उरलेला तुकडा होता, काटेरी बाभळी माजलेला. चार पोरांनी जेसीबी लावून तो साफ केला, वर्गणीतून मुरूम टाकला, एक खांब आणि त्यावर दिवा. रात्री पाळीपाळीनं दोघं जण खाट टाकून झोपतात, ट्रॉलीवाले मिळून त्यांचा चहा-नाश्ता पाहतात. पोती जायची भीती संपली तशी ट्रॉली दारातून हलली. मी परत गेलो तेव्हा अकरा ट्रॉल्या ओळीनं उभ्या होत्या आणि शेवटाला, कोणाची तरी, एक जुनी बैलगाडी. जू टेकूवर, बैल लिंबाखाली रवंथ करत. सोडलेली गाडी.

मात्र ती जागा अजून त्या गावाच्या नावानं कागदावर नाही. उद्या कोणी तिथे टिनाचं शेड ठोकलं तर अकरा ट्रॉल्या पुन्हा अकरा दारांत येतील. म्हणून वाशीम जिल्ह्यातल्या, आणि जिल्ह्याबाहेरच्याही, वाचकांना एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेला नुसते बसून येऊ नका. तलाठ्याकडून गावचा नकाशा मागवा, सरकारी पडीक तुकडे कुठे उरले आहेत ते पाहा आणि त्यातला एक तुकडा कलम 22 खाली गाड्यांच्या नि मुक्कामाला येणाऱ्यांच्या तळासाठी राखून ठेवण्याचा ठराव लेखी मांडा. ठरावात पाण्याची एक तोटी आणि एक दिवा आठवणीनं लिहा. सोयाबीन निघायच्या आधी मांडा.